रमाईंच्या माहेरचा किनारा आणि ओहोटीचा हिशेब

त्यागमूर्ती माता रमाईंचे वडील भिकू धोत्रे हे दाभोळच्या बंदरावरून माशांच्या टोपल्या बाजारात वाहून नेण्याचे काम करीत. त्या मजुरीवर घर चाले. दापोलीजवळचे वणंद हे त्यांचे गाव. ७ फेब्रुवारी १८९८ रोजी रमाईंचा जन्म तेथेच झाला. जयंतीच्या भाषणांतून आपण रमाईंच्या कष्टांविषयी पुष्कळ ऐकतो. परंतु ज्या समुद्राच्या आधाराने त्यांचे माहेर जगले, तो समुद्र आणि ती वाट आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली आहे?

समुद्रकिनारा म्हणजे पैसेवाल्यांनी हॉटेलात उतरून हवा खाण्याची जागा, अशी आपल्या वस्त्यांमध्ये समजूत आहे. ही समजूत खोटी आहे. कोकणातला किनारा हा आधी कष्टकऱ्यांच्या पायाखालची वाट होता. पूल नव्हते तेव्हा माणसे एका गावाहून दुसऱ्या गावाला वाळूवरून चालत जात आणि मध्ये खाडी आडवी आली की ओहोटीची वाट पाहत किंवा तरीत बसत. त्या वाटेवरून एक दिवस आपल्या बायकामुलांसह चालावे, असे आमच्या मनात बरेच दिवस होते. क्रांतिभूमी महाड येथे २५ डिसेंबरच्या मनुस्मृती दहन दिनाला जाण्याचे ठरले, तेव्हा त्याला हा एक दिवस जोडून घेतला. पाटोदा व आसपासच्या गावांतील आम्ही चौदाजण होतो. त्यात पाच स्त्रिया, चार शाळकरी मुले आणि एक साठी ओलांडलेल्या आत्याबाई. केळशीपासून हर्णैपर्यंत सुमारे वीस किलोमीटर आम्ही एका दिवसात चाललो. दुसऱ्या दिवशी सकाळी वणंदला जाऊन रमाईंच्या स्मारकापुढे नतमस्तक झालो. या वाटचालीत जे शिकलो ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

आमचे पाणी पूर्वेला जाते

पाटोद्याच्या माणसाचा आणि या समुद्राचा पाण्याने संबंध नाही. आमचा तालुका बालाघाटच्या डोंगरावर. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात गौखाडीजवळ उगम पावते आणि गोदावरीला मिळते. सौताड्याला कड्यावरून उडी घेणारी विंचरणा पुढे सीनेला, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते. म्हणजे आमच्या शिवारात पडलेला पाऊस, जो काही पडतो तो, बंगालच्या उपसागराला जातो. शिवाय आमच्या नद्या एकाच दिशेने वाहतात. पावसाळ्यात पूर येतो, उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते. नदी सकाळी समुद्राकडे आणि दुपारी डोंगराकडे वाहते, हे आमच्या मुलांना खरे वाटेना. केळशीच्या भारजा नदीच्या मुखाशी उभे राहून त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले, तेव्हा खरे वाटले.

एक गोष्ट मात्र ओळखीची निघाली. लाटांतून डोके वर काढणारे काळे खडक पाहून आत्याबाई म्हणाल्या, “हा तर आपल्या विहिरीतला दगड!” त्यांचे म्हणणे बरोबर होते. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला आणि त्याचे थरावर थर साचून हा काळा पत्थर तयार झाला. बालाघाटचा डोंगर आणि दापोलीच्या किनाऱ्याचा खडक हे त्याच लाव्हारसाचे आहेत. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटविला आणि कोकण निर्माण केले, ही कथा या भागात जागोजागी ऐकायला मिळते. खडक मात्र वेगळी हकीकत सांगतो, आणि ती कोणालाही हात लावून तपासता येते.

चंद्राचा हिशेब

पायी खाडी ओलांडायची तर पहिला प्रश्न वेळेचा. समुद्राला दिवसातून साधारण दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक वेळ जातो. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे हे चक्र २४ तासांत पुरे न होता सुमारे २४ तास ५० मिनिटांत पुरे होते. म्हणून भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा पाणी फार चढते आणि फार उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकांना काटकोनात पडते. तेव्हा पाणी थोडे चढते आणि थोडेच उतरते. ती भांगाची भरती. हे सर्व न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात गणिताने समजावून दिले.

पण न्यूटनचे नावही न ऐकलेले आपले दर्यावर्दी बांधव पिढ्यान्पिढ्या हा हिशेब तोंडी करीत आले. त्यांची रीत सोपी आहे. शुद्ध असो वा वद्य, जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल ती भरती पूर्ण होण्याची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी तीन आणि रात्री तीन. अष्टमी असेल तर सकाळ-संध्याकाळ सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. स्थळपरत्वे अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून गावकऱ्याला विचारणे आलेच.

यावर आमच्यातच एक वाद झाला. आमच्याबरोबरच्या एका तरुणाने विचारले, “१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. मग आपण पंचांग कशाला उघडायचे?” प्रश्न रास्त होता. आमचे उत्तर असे की, तिथी म्हणजे चंद्राचे वय. त्या वयावरून लग्न लावायचे की नाही, घर बांधायचे की नाही हे ठरविणे ही अंधश्रद्धा. त्याच वयावरून खाडीत पाणी किती असेल हे काढणे हे विज्ञान. आपणही पौर्णिमेला उपोसथ पाळतो, विहारात जमतो. त्या दिवशी चंद्र पूर्ण असतो एवढेच आपण मानतो, तो कोणावर कोपतो असे मानत नाही. तरुणाला हे पटले आणि पुढे दिवसभर तोच आकडेमोड करीत होता.

त्याच्याच आकडेमोडीतून एक अडचण ध्यानात आली. पौर्णिमेला आणि अमावास्येला पाणी सर्वांत जास्त उतरते खरे, पण ते सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. दुपारी बाराला भर उधाण. उलट अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पण पाणी पुरते उतरत नाही. म्हणून दोन्हींच्या मधली तिथी बरी. आम्ही चालणार होतो त्या दिवशी शुद्ध षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. दुपारी साडेचारला भरती, म्हणजे सकाळी सव्वादहाच्या सुमारास ओहोटी. तेव्हा आडेची खाडी सकाळी दहाला गाठायची, असे ठरले.

केळशीहून आडेकडे

सकाळी साडेसहाला केळशी सोडली. थंडी होती, पण पाटोद्यासारखी बोचरी नव्हती. भारजा नदीच्या मुखाशी वाळूची एक मोठी टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला आहे, कारण जुन्या काळी समुद्राने केलेल्या उलथापालथीच्या खुणा अशा वाळूत राहतात. गावात याकूब बाबांचा दर्गा आहे. आमचा रस्ता दक्षिणेकडचा. केळशीची वाळू संपते तेथे उटंबरचा डोंगर थेट समुद्रात उतरतो. तो चढून पलीकडे जावे लागते. आमच्या माणसांना डोंगराचे काही वाटले नाही. बालाघाटात रोजचेच आहे. त्यांना जड गेली ती वाळू. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि दमछाक होते. नुकतेच पाणी उतरलेली ओली, घट्ट वाळू मात्र डांबरी सडकेसारखी असते. किनाऱ्यावर चालायचे ते ओहोटीतच, याचे हेही एक कारण.

तथागतांनी महासमुद्राचे आठ गुण सांगितल्याचे उदान ग्रंथातील उपोसथ सुत्तात आले आहे. समुद्र एकदम खोल होत नाही, क्रमाक्रमाने खोल होतो, हा त्यांतला पहिला. धम्माची शिकवणही तशीच पायरी-पायरीने आहे, असा त्याचा अर्थ. समुद्र आपली मर्यादा ओलांडत नाही, हा दुसरा. आणि निरनिराळ्या नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची आधीची नावे उरत नाहीत, तशी संघात आल्यावर चारही वर्णांची नावे उरत नाहीत, हा आपल्या सर्वांना ठाऊक असलेला गुण. विहारात बसून आम्ही हे कितीदा ऐकले होते. त्या सकाळी भारजेचे पाणी समुद्रात मिसळताना पाहिले आणि आमच्यातील एका ताईंनी मुलांना तेथेच ते पुन्हा सांगितले. मुलांनी चव घेऊन पाहिली. पुढे नदी कोणती आणि समुद्र कोणता, हे जिभेला सांगता येईना.

आडेची खाडी

दहाच्या आत आडेला पोहोचलो. खाडीचे पाणी अजून समुद्राकडे ओढ घेत होते. काठावर एक कोळीण मावशी टोपली घेऊन तिसऱ्या वेचीत होत्या. आम्ही त्यांना विचारले. त्यांनी आमच्याकडे, मुलांकडे आणि आत्याबाईंकडे पाहिले आणि जागा दाखविली. अरुंद दिसेल तेथे उतरू नका, असे त्यांनी बजावले. आमच्या मनात नेमके उलटे होते. आमच्याकडे ओढा अरुंद असेल तेथे ओलांडतात. खाडीत अरुंद जागी पाणी खोल असते आणि ओढही जोराची असते. जेथे पात्र पसरट होते आणि वाळू वर दिसते, तेथे पाणी उथळ.

मावशींनी आणखी चार गोष्टी सांगितल्या. चपला काढू नका, खडकावरच्या कालवांच्या कडांनी पाय ब्लेडसारखा कापतो. पाऊल उचलून टाकू नका, वाळूवर घासत न्या, म्हणजे तळाशी पाकट मासा बसला असेल तर बाजूला होतो. त्याच्या शेपटीचा काटा फार वाईट. झाडीच्या बाजूच्या चिखलात शिरू नका. आणि पाणी कमरेला लागले की पुढे जायचे नाही, आल्या पावली मागे फिरायचे.

आम्ही एकमेकांचे हात धरून रांग केली. एक मोठा, एक लहान, एक मोठा, अशी. पुढे काठी घेऊन एकजण तळ चाचपीत होता. पाणी गुडघ्याच्या वर आले, मध्ये काही पावले मांडीपर्यंत आले, मग उतरले. पाचेक मिनिटांत पलीकडे गेलो. आत्याबाईंचा हात सुटला नाही, पण त्या मध्येच थांबल्या. आम्हाला वाटले भीती वाटली असेल. त्या म्हणाल्या, “माझ्या सासूला पाणवठ्यावर पाय ठेवू देत नव्हते. वरून कोणी ओतलं तर पाणी.” एवढे बोलून त्या पुढे चालू लागल्या. कोणी काही बोलले नाही. आदल्या दिवशी आम्ही चवदार तळ्याच्या काठावर उभे होतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा आत्याबाईंच्या सासूबाई लहान असतील.

आंजर्ल्याला वाट बदलली

आडेच्या पुढे पाडले आणि मग आंजर्ले. सुरूच्या सावलीत भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला. या भागात हिवाळ्यात समुद्री कासवे वाळूत अंडी घालतात. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ती जपण्याचे काम सुरू केले आणि पुढे इतर गावांतही ते पसरले. मुलांना हे सांगितल्यावर ती वाळूत खुणा शोधीत चालू लागली आणि दमल्याची तक्रार थांबली.

साडेतीनला आंजर्ल्याच्या खाडीशी आलो. येथे जोग नदी समुद्राला मिळते. पलीकडे हर्णैची बाजू समोर दिसत होती. भरती पूर्ण व्हायला तासाभराचा अवकाश होता आणि पाणी नदीत वर चढत होते. रस्त्याने जायचे तर आडखळच्या पुलावरून लांबचा वळसा. सगळे थकलेले. आमच्यातील दोन तरुण पोलीस भरतीची तयारी करतात. दोघेही विहिरीत पोहणारे. ते म्हणाले, “आम्ही पोहत जातो, तुम्ही पुलावरून या.”

येथे आम्हाला ठाम राहावे लागले. विहिरीचे पाणी उभे असते. खाडीचे पाणी माणसाला बाजूला ओढून नेते. शिवाय भरतीचे पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात थोडे, दुसऱ्यात जास्त, तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत जास्त चढते आणि शेवटी पुन्हा मंद होते. काठावरून शांत दिसणारे पाणी मध्ये किती वाढले आहे, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून मेले. तीही शिकलेली, धडधाकट मुले होती. आपल्या घरात एक मुलगा बारावीपर्यंत पोहोचवायला आईबापांनी किती वर्षे कोयता चालविला असतो, याचा हिशेब आम्ही त्या दोघांपुढे मांडला. काठावरच्या एका वृद्ध तांडेलांनीही मान हलवून नको म्हटले. सगळे मिळून जाऊ, नाहीतर कोणीच जाणार नाही, असे ठरले. तरुण थोडे नाराज झाले. पण पुलाच्या वाटेवर आत्याबाईंची पिशवी त्यांनीच घेतली. पुलावर मध्ये थांबून खाली पाहिले तर पाणी डोंगराकडे धावत होते. मग त्यांनीच आम्हाला मोबाईलचे घड्याळ दाखविले. साडेचार वाजत आले होते.

पाचच्या पुढे हर्णैला पोहोचलो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता. डोक्यावर टोपल्या घेऊन बाया पाण्यातून काठाकडे येत होत्या. त्यांच्या मानेचा ताठपणा आणि पायांची घाई पाहून भिकूबाबांची आठवण झाली. ते दाभोळचे, हे हर्णै. पण ओझे तेच.

बाबासाहेबांची बोट

त्या रात्री दापोलीच्या मुक्कामी एक गोष्ट आम्ही कागदावर मांडून पाहिली, ती येथे देतो. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रहासाठी धरमतरच्या मोटारवाल्यांनी आपल्या लोकांना नेण्याचे नाकारले. म्हणून २४ डिसेंबरला बाबासाहेब दोनशेहून अधिक सत्याग्रहींसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने जलमार्गाने निघाले. २५ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास सावित्रीच्या खाडीने ते दासगावला पोहोचले. तेथे हजारो सत्याग्रही वाट पाहत होते. तेथून सुमारे पाच मैल सर्वजण रांगा करून, घोषणा देत महाडपर्यंत चालत गेले. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

आता हिशेब पाहा. २४ डिसेंबर १९२७ ला अमावास्या होती. म्हणजे २५ ला प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण. दुपारी पाऊणच्या सुमारास भरती, आणि तीही अमावास्येनंतरचे उधाण. बाबासाहेबांची बोट चढत्या पाण्याबरोबरच सावित्रीत वर गेली असणार. रस्ता बंद करणाऱ्यांनी रस्ता बंद केला, पण भरतीचे पाणी कोणाच्या हुकमात नव्हते. आणि त्या पाण्याची वेळ जाणणारे खलाशी बोटीवर होते. हे जाणणारा माणूस आपल्याबरोबर असला की अर्धी वाट सोपी होते.

आपण काय करावे

आपल्या तरुण मंडळांनी, महिला मंडळांनी अशी वाटचाल जरूर करावी. खर्च फार नाही. गाडीचे भाडे, मुक्कामाची सोय आणि घरची भाकरी. पावसाळ्यात मात्र कदापि जाऊ नये. निघण्याआधी तिथीचा हिशेब करावा आणि गावात पोहोचल्यावर मच्छिमारांना विचारून तो पक्का करावा. खाडी ओहोटी पूर्ण होण्याच्या थोडी आधी ओलांडावी, नंतर नव्हे, म्हणजे काही अडचण आली तरी हाताशी वेळ राहतो. तासाभराचा उशीर झाला तर पुलाने जावे किंवा तरीचे पैसे द्यावेत. त्यासाठी सर्वांच्या वर्गणीतून थोडी रक्कम आधीच बाजूला ठेवावी, म्हणजे गरिबाला संकोच होत नाही. गटाने एकत्र ओलांडावे. दारू प्यालेला माणूस बरोबर नसावा. पंचशील पाळणाऱ्यांना हे सांगण्याची गरज पडू नये.

एक खंत मात्र आहे. डिसेंबरात आमच्या तालुक्यातील कितीतरी घरे बंद असतात. ऊसतोडीची कुटुंबे उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात. त्यांची मुले फडात पाचटावर झोपतात. पहाटे थंडीत मोळ्या वाहणाऱ्या त्या मायमाउल्यांना रमाईंच्या वडिलांचे ओझे आमच्यापेक्षा अधिक कळेल. पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये ती घरी येतात. तेव्हा समुद्र अजून शांत असतो आणि २० मार्चच्या क्रांतिदिनाला महाडची वाटही आपलीच असते. त्यांच्यातील जे कोणी येऊ शकतील, त्यांच्या प्रवासखर्चासाठी आमच्या विहारात दर पौर्णिमेला एक डबा फिरविण्याचे आम्ही ठरविले आहे. वाचकांनीही आपापल्या गावी असे काही करता येईल का, याचा विचार करावा. तिथीचा हिशेब आम्ही करून देऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!